दोनशे पाच मिलिमीटर

गाडी घ्यायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांत आधी
गल्ली मोजली.
शिवणाच्या डब्यातला टेप. एक टोक माझ्याकडे,
दुसरं समोरच्या कंसाराकाकांकडे,
मधे त्यांची स्कूटर.
सात फूट दोन इंच. स्कूटर वजा जाता पाच.
'आधी आणा तर खरी,' काका म्हणाले,
'मग बघू वजाबाकीचं.'

जुनी गाडी विश्वामित्रीनं घेतली.
सयाजीगंजच्या लॅबखाली चार दिवस पाण्यात उभी होती.
भिंतीवर पाण्याची रेघ अजून आहे,
माझ्या बरगडीला लागते.
तिच्याशेजारी मी पेनानं तारीख टाकली,
रक्ताच्या नमुन्यावर टाकते तशी.
वॉचमन सांगतो, पार्किंगमध्ये मगर आली होती.
दर खेपेला ती वीतभर वाढलेली असते.
तेव्हापासून घरात एकच जप:
ग्राउंड क्लिअरन्स.

वही आडवी धरून रकाने आखले.
सासूबाईंचा गुडघा: सीट जमिनीपासून किती.
हेरंबचा तानपुरा: डिकीत, आडवा, गवसणीसकट.
सीएनजी: महिन्याला साडेतीन हजार वाचतील,
पण डिकीत टाकी,
म्हणजे तानपुरा पुढच्या सीटवर, पट्टा लावून,
आणि हेरंब रिक्षानं.
शर्वरीनं पेन्सिलीनं लिहिलं: सनरूफ.
मी खोडलं नाही. पेन्सिलच ती.
हप्त्याचा रकाना शेवटचा,
पगार माझा, म्हणून अक्षरही माझं.

शोरूममधला मौलिक 'सर, सर' करत
हेरंबशीच बोलत राहिला.
टॉर्क. टर्बो. सहा एअरबॅग.
हेरंब मान हलवत होता, समेवर आल्यासारखी.
त्याला सायकलही धड येत नाही.
'गाडी मी चालवते,' मी म्हटलं.
'अच्छा, बेन!'
आणि त्यानं लगेच व्हायजर खाली ओढून
त्यामागचा आरसा दाखवला.

सासूबाई सहा गाड्यांत चढल्या, सहांतून उतरल्या.
एकीत पाय लोंबतात. एक मोरीसारखी खोल.
एकीला वास येतो, कसला ते सांगेनात.
चौथीत नुसत्या बसल्या.
कुणी हात दिला नव्हता,
हे आमच्या घरी आल्यावर लक्षात आलं.

त्या चौथीचे नऊ नव्वद.
मग आरटीओ, विमा, हँडलिंग,
मॅट, मडफ्लॅप, कसलंसं कोटिंग,
आणि कॅल्क्युलेटरवर अकरा बेचाळीस.
'हँडलिंग म्हणजे?'
'ते तर असतंच, बेन.'
मी वही काढली.
मौलिक चहा सांगायला गेला.
दुसऱ्या चहापर्यंत कोटिंग गेलं,
तिसऱ्याला हँडलिंग.
दहा साठ. सात वर्षं.
शर्वरी नोकरीला लागेल
तेव्हा ही गाडी आमची होईल.

'क्लिअरन्स किती?' रात्री हेरंबनं विचारलं.
दोनशे पाच मिलिमीटर.
भिंतीवरची रेघ अकराशे नव्वद.
पुढची वजाबाकी मी अंधारात केली, आणि बोलले नाही.
त्या पाण्यातून निघेल अशी गाडी
आमच्या बजेटात नाही, कुणाच्याच नसावी.
दोनशे पाच म्हणजे दवाखान्यापुढचा तो एक गतिरोधक,
मांडवीचे खड्डे,
गटार तुंबल्यावरचं घोट्याएवढं पाणी.
नदी आलीच, तर सगळे करतात तेच:
गाडी उड्डाणपुलावर नेऊन लावायची
आणि पायी घरी यायचं.

गाडी आली. बॉनेटवर हार, काचेवर कुंकू.
गल्लीच्या तोंडाशी मी आरसे मिटले.
काकांनी स्कूटर हलवली होती,
तिच्या जागी खुर्ची टाकून बसले होते.
मी ब्रेक दाबला.
'केटलामां पडी?'
आकडा सांगितला.
ते थोडा वेळ घोळवत बसले, इंजिन चालूच.
मागून सासूबाई म्हणाल्या, 'उठतात का बघ.'
मग उठले,
खुर्ची काखेत मारली,
आणि उलट्या पावली गाडीपुढे चालू लागले:
आववा दो,
आववा दो.